पालघर परिसरातील बालपोषणाचा इतिहास आणि स्वमग्न बालकांच्या आहाराचा प्रश्न

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील बालपोषणाचा इतिहास प्रामुख्याने अन्नाच्या अभावाचा इतिहास म्हणून मांडला जातो. मात्र समोर अन्न असूनही ते न स्वीकारणाऱ्या बालकाची नोंद या इतिहासात फार उशिरा झाली. हा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणांवरून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यांतील अनेक मुलांना तान्हेपणापासूनच खाण्याच्या गंभीर अडचणी होत्या. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला नेले. मूल केंद्रात येत नसेल, तर केंद्राने मुलाच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीमागील विचार येथेच रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली व तिला पूरक पोषण आहाराची जोड दिली. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. त्यानंतर वजनकाटा हेच बालपोषणाचे प्रमुख मापन ठरले, आणि ते तत्कालीन परिस्थितीत स्वाभाविकच होते.

वजनकाट्याची मर्यादा :
स्वमग्न बालकाचा नकार हा हट्ट नसतो. पदार्थाचा स्पर्श, वास, रंग किंवा तोंडातील कण त्याला असह्य होऊ शकतात. डाळ-भात कालवला की तेच अन्न त्याला परके वाटते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, अशा मुलांमध्ये आहाराच्या समस्या इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळल्या. त्यांच्या आहारात प्रथिने व कॅल्शियम कमी होते, परंतु शारीरिक वाढीत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजेच केवळ बिस्किटे व भात खाणारे मूल वजनकाट्यावर 'सर्वसाधारण' ठरू शकते.

२०१३ चे वळण :
६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ पालघर येथूनच झाला. त्याच्या तपासणी यादीत तीव्र कुपोषण आणि स्वमग्नता प्रथमच शेजारी आली. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी व पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी तिची रचना आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला.

तथापि बोईसर-तारापूर पट्ट्याचे वास्तव वेगळे आहे. १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाल्यावर व पुढे औद्योगिक वसाहत वाढल्यावर येथे परप्रांतीय कामगारांची वस्ती दाट झाली. कामासाठी सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मूल दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निसटू शकते. शिवाय घर, भाषा आणि चव एकाच वेळी बदलणे स्वमग्न मुलास अधिक जड जाते.

समारोप :
अन्न पुरविणे ही पोषणकार्याची पहिली पायरी होय. मूल ते का नाकारते हे समजून घेणे ही दुसरी. 'वजन किती?' या प्रश्नासोबत 'मूल कोणकोणते पदार्थ खाते?' हा प्रश्नही अंगणवाडीच्या नोंदवहीत आला, तर आईला दोष देण्याऐवजी तिला वेळेवर साहाय्य मिळेल. मुलाच्या अंगणात जाण्याचा कोसबाडचा विचार आता त्याच्या ताटापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.