बांधाचा तंटा आणि सम्मुखाविनय

पालघर, बोईसर व तारापूर हा भातशेतीचा आणि वाड्यांचा पट्टा. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि गुंठ्यागुंठ्याला मोल आले. जमिनीला मोल आले की हातभर बांधही न्यायालयात जातो. आजोबांनी लावलेला दावा नातवाने चालवावा, हे आपल्याकडे नवे नाही. या प्रश्नावर पालि साहित्य आणि शिलालेख काय सांगतात, ते येथे थोडक्यात पाहू.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात शेताच्या मर्यादेची उत्पत्ती आली आहे. साळीची शेते वाटली गेली, मर्यादा घातल्या गेल्या. मग एकाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. त्यातून चोरी, असत्य व दंड आले आणि लोकांनी निवाड्यासाठी महासम्मत निवडला. निवाडा करणाऱ्याचा अधिकार ईश्वरदत्त नसून लोकसंमत आहे, हा त्याचा अर्थ होय.

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा अट्ठकथांत येतो. १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच तंटा मांडला. शाक्यांनी दोघे निवडावेत, कोलियांनी दोघे, त्या चौघांनी पाचवा निवडावा व या पाचांनी तंटा मिटवावा, अशी तेथे सिद्धार्थाची सूचना आहे. संघाने ती प्रचंड बहुमताने फेटाळली. बहुमत न्याय्य असतेच असे नाही, हेही आपण त्यातून शिकावे.

नाशिकच्या लेण्यांतील लेख या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. शूर्पारक, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा, येथे दाने देणाऱ्या उषवदाताने भिक्षूंसाठी एक शेत ४००० कार्षापणांना विकत घेतले. विकणाऱ्याचे नाव, शेत त्याच्या पित्याचे असल्याची नोंद आणि नगरसीमेची दिशा त्याने लेखात कोरविली. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने दिलेले शेत पडीक राहिले व गाव ओस पडले. तेव्हा भिक्षूंना राजकीय शेतातून १०० निवर्तने बदली देण्यात आली. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या सलोखा योजनेतही अदलाबदलीचेच तत्त्व आहे. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात १२ वर्षे असल्यास नाममात्र शुल्कात अदलाबदल नोंदविण्याची सोय तीत केली गेली. लोकअदालतीतील तडजोडीला तर दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नसते आणि न्यायालयीन शुल्कही परत मिळते.

परंतु प्रत्येक तडजोड म्हणजे समेट नव्हे. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी जातिग्रस्त गावाच्या हाती न्याय सोपविण्यास विरोध केला होता. दलित वा आदिवासी कुटुंबाची जमीन बळकावणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यास 'बांधाचा वाद' म्हणून पंचांपुढे नेणे म्हणजे दुर्बळास गप्प बसविणे होय.

कसोटी विनयपिटकातच आहे. सात अधिकरणशमथांतील पहिला सम्मुखाविनय. संघ, धम्म, विनय आणि वादी-प्रतिवादी हे चारही समोर असावे लागतात. मोजणीचा नकाशा मांडलेला, दोन्ही घरे समोर, पंच दोहोंनी निवडलेले आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक, एवढे असेल तर बांधावर बसावे. यातील एकही नसेल, तर न्यायालयाची पायरी चढण्यात कमीपणा नाही, असे आम्हांस वाटते.