मोलकरणीची वही

घरकाम करणाऱ्या बायकांचा इतिहास आपल्याला मिळतो तो बहुधा मालकांच्या आठवणींतून. "आमच्याकडे एक बाई होत्या, फार इमानी", एवढ्यात त्यांचं आयुष्य आटोपतं. त्या बाईंना ते घर कसं दिसत होतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून बेबी हालदार यांचं 'आलो आँधारि' मला मोलाचं वाटतं. बाराव्या वर्षी लग्न, नवरा चौदा वर्षांनी मोठा, तेराव्या वर्षी पहिलं मूल. मारहाण सोसून सोसून पंचविशीत त्या तीन मुलांना घेऊन दुर्गापूरहून आगगाडीने दिल्लीकडे निघाल्या. पुढे गुडगावात प्रबोधकुमार यांच्याकडे काम मिळालं. हे मानववंशशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि प्रेमचंदांचे नातू. बाई पुस्तकं पुसताना रेंगाळतात, हे त्यांनी हेरलं. आधी तसलिमा नसरीन यांचं आत्मचरित्र वाचायला दिलं, मग वही आणि पेन. दिवसभराचं काम उरकलं की बेबी लिहायच्या.

पुस्तक लिहिलं बंगालीत, पण आधी छापलं गेलं हिंदीत, २००२ साली, अनुवाद प्रबोधकुमारांचाच. उर्वशी बुटालिया यांचा इंग्रजी अनुवाद २००६ साली आला. त्यात कधी 'मी' येते, तर कधी 'बेबी' म्हणून तिऱ्हाईतासारखा स्वतःचाच उल्लेख. जणू साक्षीदारही तीच आणि जिच्याबद्दल साक्ष द्यायची तीही तीच.

आता एक खटकणारी गोष्ट. वही देणारा मालक, भाषा सुधारणारा मालक, अनुवादही मालकाचा. मग ही साक्ष निखळ कशी मानायची? मला वाटतं, असल्या साहित्यात हा पेच असायचाच. आपल्या बेबी कांबळे मोलकरीण नव्हेत, फलटणला त्यांचं दुकान होतं. तरी 'जिणं आमुचं' त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून लिहिलं. एकीला लिहायला कुणीतरी मुभा द्यावी लागली, दुसरीला चोरून लिहावं लागलं. मोकळेपणी लिहायची सोय दोघींनाही नव्हती. पण म्हणून मजकूर खोटा ठरत नाही.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पगार, रजा, नोंदणी हे सगळं कागदावर येऊ शकतं. पण ओट्याच्या कोपऱ्यात बाईंसाठी वेगळा ठेवलेला कप कुठल्या कायद्यात नोंदवणार? ते फक्त त्यांनीच लिहायचं.

आणि लिहिलंच, तर त्यात आपलं घर कसं दिसेल? मला उत्सुकता आहे. थोडी धास्तीही.