शब्द कोठे तुटतो?

पालेगावपासून जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा संस्कृत लेख आहे. अशा लेखांच्या वाचकाला प्रथम सलग अक्षरपंक्तीतून शब्द वेगळे काढावे लागतात. मोडीतही आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची रीत होती. शब्दांत अंतर नसे. शब्दच्छेद हा वाचकाच्या कानाचा व्यापार होता, कागदाचा नव्हे. कॅरेचे मराठी व्याकरण श्रीरामपुरात १८०५ साली छापले गेले, मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. सुटा शब्द ही डोळ्यांना दिसणारी वस्तू म्हणून स्थिरावली ती मुद्रणाच्या या काळात.

नवशिक्याच्या पायथन-आज्ञावलीत ही अर्वाचीन रूढी निसर्गनियम होऊन बसते : कोरी जागा आली की शब्द तुटला. 'घरातल्यांनाही' हा तिच्या लेखी एकच तुकडा. त्यातील सामान्यरूप, प्रत्यय, अव्यय यांची तिला वार्ता नाही. राजवाड्यांच्या १९०९ च्या प्रतीवरून 'ज्ञानेश्वरी'तील शब्द अशा रीतीने मोजले, तर मोजली जाईल ती संपादकाने सोडलेली जागा. शैलीविषयक निष्कर्ष अशा आकड्यांवर उभे करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

शब्द तोडून झाल्यावर नवशिक्याला तो बदलायला सांगतात : पहिले अक्षर शेवटी न्या. आपल्या मुलांची 'च'ची भाषा हेच करते. 'मी'चे 'चीम', 'मराठी'चे 'चराठीम'. युनिकोडमध्ये (१९९१) मात्रेला स्वतंत्र संकेतांक आहे. त्यामुळे पहिला संकेतांक उचलला की व्यंजन तेवढे जाते, मात्रा मागे राहते व नव्या 'च'ला चिकटते. यंत्र मुलांइतकेच बरोबर बोलते, पण निव्वळ योगायोगाने! 'आई' दिली की ते 'चईआ' म्हणते; 'मी'च्या न्यायाने 'चाईअ' हवे. 'आ' आणि त्याचीच मात्रा हे एकाच स्वराचे दोन वेष आहेत, हे त्याला ठाऊक नसते. 'प्रकाश'चे तर 'च्रकाशप' होते. जोडाक्षर फोडावे की अखंड न्यावे, हा निर्णय येथे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या आधीच संकेतप्रणालीने घेऊन टाकलेला असतो. तो फिरवायचा तर हलन्तचिन्ह दिसताच पुढचे व्यंजनही सोबत उचलावे, असा नियम हाताने लिहावा लागतो.