हार्ड डिस्कमधील बिघाडाचे निदान

फिरत्या चुंबकीय तबकडीवरील माहिती नष्ट होण्यापूर्वी बिघाड ओळखण्याच्या पद्धती. आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात (१९५६) ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत. तबकडी व वाचन-लेखन शीर्ष यांमध्ये हवेचा अत्यंत पातळ थर असतो. धुळीने वा धक्क्याने शीर्ष घासल्यास चुंबकीय लेप खरवडला जातो. १९७३ च्या विंचेस्टर रचनेत दोन्ही बंदिस्त पेटीत आल्याने धुळीचा उपद्रव घटला. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या रेड पद्धतीत एक डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्यांवरून माहिती पुन्हा मिळविता येते. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या स्मार्ट पद्धतीत डिस्क स्वतःच्या सदोष विभागांची नोंद ठेवते. तथापि गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक लाखाहून अधिक डिस्कांच्या पाहणीत, निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख निर्देशकांपैकी एकही पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणून घरगुती सर्व्हरमध्ये दोष आढळताच प्रथम माहितीची स्वतंत्र प्रत घेणे, मग केबल व वीजपुरवठा तपासणे आणि दोष कायम राहिल्यास डिस्क बदलणे, हा क्रम इष्ट होय. सूचनेचा अभाव हे निर्दोषत्वाचे प्रमाण नव्हे.