फोटोत कोण नाही? क्रिकेट क्लबांच्या चित्रांचा थोडा इतिहास



जगदंबेच्या या गावात क्रिकेटवर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला बोलावला, असे तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. आम्हालाही वाटले. आमची बॅट कधी फारशी चालली नाही. पण जुने फोटो आणि छापील चित्रे बघत बसायचा नाद आम्हाला आहे, आणि क्रिकेट क्लबांनी स्वतःची जेवढी चित्रे काढून घेतली तेवढी फार थोड्या खेळांनी घेतली असतील. ती चित्रे वाचायची कशी, एवढाच आजचा विषय.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. १७४० च्या दशकात फ्रान्सिस हेमन नावाच्या चित्रकाराने क्रिकेटचा सामना रंगवला. त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापील प्रती निघाल्या आणि घरोघरी गेल्या. त्या चित्रात बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वाकलेली आहे आणि यष्ट्या दोनच आहेत. तिसरी यष्टी पुढे आली. म्हणजे खेळ कसा होता, हे चित्र आपल्याला नियमांच्या पुस्तकाइतकेच नीट सांगते. हा चित्राचा पहिला गुण.

आता दुसरी बाजू बघा. १८४९ च्या सुमारास ब्रायटन इथल्या ससेक्स आणि केंट यांच्या सामन्याचे मोठे छापील चित्र निघाले. डब्ल्यू. एच. मेसनचे. ते अतिशय गाजले, कित्येक क्लबांच्या भिंतीवर लागले. चेहरे हुबेहूब, प्रेक्षकांत बडी बडी मंडळी. गंमत अशी, की त्या चित्रातले सगळे खेळाडू एका सामन्यात असे कधी एकत्र उतरलेच नव्हते. चित्रकाराने एकेकाला स्वतंत्र काढले आणि एका मैदानावर उभे केले. चेहरे खरे, सामना मात्र झालेला नाही. चित्र खोटे आहे असे म्हणायला जीभ धजत नाही, आणि खरे आहे असेही म्हणता येत नाही.

मग आला फोटो. लोकांना वाटले, आता खोट्याला जागा नाही. १८५९ मध्ये इंग्लंडचा संघ अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर निघाला. त्यातल्या बारा जणांचा जहाजाच्या डेकवर काढलेला फोटो आजही बघायला मिळतो. सगळे अगदी स्तब्ध. कारण त्या काळी ओल्या काचेवर फोटो निघायचा आणि काही सेकंद हलायचे नाही अशी ताकीद असायची. धावणारा, चेंडू टाकणारा माणूस कॅमेऱ्यात सापडतच नसे. त्यातूनच क्लबांच्या फोटोची रीत ठरून गेली: मधल्या खुर्चीवर कर्णधार, बाजूला मानकरी, मागे उभी रांग, पुढे जमिनीवर मांडी घालून पोरे. पुढे कॅमेरे वेगवान झाले, पण मांडणी तीच राहिली. आपल्या तालुक्यातल्या टेनिस बॉल स्पर्धेचा फोटो मोबाइलवर काढतात ना, तोही असाच. पुढे चषक, मागे दोन रांगा. दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेने घालून दिलेली शिस्त आपण अजून पाळतो आहोत.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पाठोपाठ बरेच क्लब निघाले. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ चा. त्यानंतरच्या क्लबांची नावे ऐका: गौड सारस्वत क्रिकेट क्लब, क्षत्रिय क्रिकेट क्लब, मराठा क्रिकेट क्लब, तेलुगू यंग क्रिकेटर्स. म्हणजे क्लबची पाटी वाचली की आत कोण असणार हे कळते. फोटोची चौकट फोटोग्राफर आखत नाही. ती क्लबच्या घटनेत आधीच आखलेली असते.

१८८६ मध्ये पारशी संघ इंग्लंडला गेला. अठ्ठावीस सामन्यांत एकच जिंकला. १८८८ ला पुन्हा गेला, तेव्हा मेहेल्लाशा पावरी यांनी दौऱ्यात १७० बळी घेतले. या संघांचे फोटो आहेत, आणि ते काढून घेण्यामागे हेतू होता. आम्हीही तुमच्याच रांगेत बसू शकतो, हे साहेबाला दाखवायचे होते. कारण घरी परिस्थिती वेगळी होती. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे धावत, खेळपट्टी उखडली जाई, आणि एतद्देशीय खेळाडूंनी अर्जांमागून अर्ज केले. त्या लढ्याची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. संघाच्या फोटोत हा अर्ज दिसत नाही, उखडलेली माती दिसत नाही. फोटोत दिसतात इस्त्रीचे कपडे.

इथे आमच्या विषयातले थोडे बोलू द्या. कंटाळू नका, लगेच परत क्रिकेटवर येतो.

आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळते कशाने? घडा असला तर डोळ्यांनी दिसतो. पण ‘नसणे’ डोळ्यांना कसे दिसणार? नैयायिक म्हणतात, तेही प्रत्यक्षच. कुमारिल भट्टांचे मीमांसक म्हणतात, नाही, त्यासाठी वेगळे प्रमाण मानावे लागेल. त्याला त्यांनी नाव दिले अनुपलब्धी. पण त्याला एक अट आहे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, आणि घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. तरच न दिसणे हा पुरावा होतो. याला म्हणतात योग्य अनुपलब्धी.

आता हा दिवा घेऊन फोटोकडे चला. पारशी संघाच्या फोटोत हिंदू नाही, यातून फारसे काही कळत नाही. तो तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. पण जो माणूस मैदानावर होता, ज्याच्या जिवावर सामना जिंकला, तो जर तंबूत दिसला नाही, तर ते न दिसणे बोलू लागते.

असा माणूस होता पालवणकर बाळू. चांभार समाजातला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायची, जाळे लावायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. डावखुरा फिरकी गोलंदाज. ग्रेग साहेब त्याच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करत. हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांशी सामना जिंकायचा होता, तेव्हा त्याला संघात घ्यावे लागले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत बसून कपबशीतून पीत, बाळूला चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. एकच चेंडू चालतो, एकच कप चालत नाही.

त्या मातीच्या भांड्याचे चित्र आमच्या पाहण्यात नाही. ते आपल्याला कळते ते लिहून ठेवलेल्या, सांगितलेल्या हकिकतींतून. तेव्हा चित्राचा इतिहास नुसत्या चित्रांवरून लिहिता येत नाही, त्याच्या शेजारी शब्द ठेवावे लागतात.

पुढे बाळू मुंबईला आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचे वय तेव्हा वीसच्या आतबाहेर. त्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. त्याचा भाऊ शिवरामही त्या संघात होता. म्हणजे चौकटीत प्रवेश मिळाला. पण फोटोतल्या मधल्या खुर्चीचे काय? कर्तबगारी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला मिळाले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्या निवडीत जात आडवी आली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. तंबूच्या बाहेरून मधल्या खुर्चीपर्यंतचे अंतर किती? पंधरावीस पावले असेल. एका घराला ते चालायला पाव शतक लागले. पुढे विठ्ठलने आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, ‘माझे क्रीडा-जीवन’. बरे झाले. फोटोत जे मावले नसते ते शब्दांत उरले.

आणि मधल्या खुर्चीवर तरी किती विसंबायचे? आपल्या विदर्भाचेच उदाहरण घ्या. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून नाव होते पोरबंदरच्या महाराजांचे. पण २५ जूनला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा संघ घेऊन उतरले नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू. मान संस्थानिकाचा, काम खेळाडूचे. उद्या कुणी दौऱ्याची नुसती यादी बघून इतिहास लिहिला तर नायडू दुसऱ्या रांगेत जातील.

आता एक आमच्या घरातली गोष्ट सांगतो. ज्या महाविद्यालयात आम्ही शिकवले, तिथे क्रिकेट संघाचा दरवर्षी फोटो निघे. काही वर्षे आम्ही क्रीडा समितीवर होतो. फोटोखालची नावांची पट्टी आम्हीच टाइप करून घ्यायचो. अकरा खेळाडू, एक राखीव, प्राचार्य, आणि समितीचे आम्ही. मैदान सांभाळणारे एक गृहस्थ होते. पहाटे पाणी मारणे, रोलर ओढणे, चुन्याच्या रेघा, सगळे त्यांच्याकडे. फोटोच्या दिवशी खुर्च्याही तेच मांडायचे. मग बाजूला उभे राहायचे, कॅमेऱ्याच्या मागे.

ते गेले त्यानंतर दोनतीन दिवसांनी त्यांचा मुलगा आमच्या घरी आला. म्हणाला, “सर, तेरवीला ठेवायला बाबांचा एखादा फोटो कॉलेजात असेल का? घरी एकही नाही.” आम्ही जाऊन सगळे फोटो उतरवून पाहिले. बारातेरा वर्षांचे होते. एका फोटोत डाव्या कडेला एक हात दिसतो, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला. तेवढाच. मुलाला काय सांगावे ते सुचले नाही. आयुष्यभर वर्गात अनुपलब्धी शिकवली, आणि ती आम्हाला कळली त्या दिवशी. त्यांना बोलावून रांगेत उभे करायला अर्धा मिनिट लागला असता. कुणी अडवले नव्हते. आम्हाला सुचले नाही, एवढेच.

म्हणून आलो आहोत तर एक मागणे मागून जातो. तुमच्या घरांत, शाळांत, मंडळांत जुने फोटो असतील. कापूस निघाल्यावर मोकळ्या शेतात भरवलेल्या स्पर्धांचे असतील, शाळेच्या संघाचे असतील. ते काढा. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर जपून सोडवा, त्या डिंकाने फोटो खराब होतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा: डावीकडून उजवीकडे नावे, साल, गाव, कोणता सामना. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. ज्यांना नावे आठवतात ती माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत, तेव्हा हे काम दिवाळीवर ढकलू नका. बायकांनाही विचारा, कोण कुणाचा कोण, हे बहुतेक घरांत त्यांनाच पक्के ठाऊक असते.

आणि सगळी नावे लिहून झाली की खाली एक ओळ आणखी लिहा: या फोटोत कोण असायला हवे होते आणि नाही. पाणी आणणारा, गुण लिहिणारा, खेळपट्टी करणारा, ज्याने शेत दिले तो. उद्याच्या वाचणाऱ्याला तेवढ्या एका ओळीवरून कळेल की चौकटीच्या बाहेरही माणसे होती.

त्या गृहस्थांचे नाव आम्ही आता त्या बारातेरा फोटोंच्या मागे लिहिले आहे. उशीर झाला, पण लिहिले. तुम्ही उशीर करू नका. एवढे बोलून थांबतो.