'सर' : मालक आणि मोलकरणीच्या प्रेमकथेत एका शब्दाला इतकं महत्त्व का?

(चित्रपट पाहिला नसेल तर आधीच सांगतो, या लेखात शेवट उघड केला आहे.)

गावाहून मुंबईला निघालेली रत्ना वाटेत हातात बांगड्या घालते. गावात ती विधवा आहे, त्यामुळे तिथे बांगड्या चालत नाहीत. मुंबईत तिला कोण ओळखतंय? रोहेना गेरा यांच्या 'सर' या हिंदी चित्रपटाच्या सुरुवातीलाच हे दिसतं आणि रत्नाला हे शहर का हवंय, हे कुणी न सांगताही कळतं.

गोष्ट काय आहे?

अश्विन (विवेक गोंबर) हा बिल्डर घराण्यातला मुलगा. अमेरिकेत लेखन करत होता, भावाच्या आजारपणामुळे परत आला आणि घरच्या धंद्यात अडकला. ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडतं आणि मुंबईतल्या मोठ्या फ्लॅटमध्ये तो एकटाच उरतो. एकटा म्हणजे तसा एकटा नाही. स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत रत्ना (तिलोत्तमा शोम) राहते. स्वयंपाक, साफसफाई, आल्यागेल्याचं चहापाणी सगळं तिच्याकडे. पगारातून ती धाकट्या बहिणीचं शिक्षण करते आणि तिला स्वतःला फॅशन डिझायनर व्हायचंय.

पुढे काय होणार याचा अंदाज येतो. पण इथे गाणी म्हणत पळून जाणं नाही की वडिलांच्या पाया पडणं नाही. चित्रपट फक्त ९९ मिनिटांचा आहे आणि त्यातला बराच वेळ 'पाणी देऊ का', 'जेवण वाढू का' यातच जातो. कंटाळवाणं वाटलं ना? वाटत नाही, कारण प्रत्येक वेळी त्याच वाक्यांचा अर्थ थोडा बदललेला असतो.

भारतात यायला दोन वर्षं

२०१८ मध्ये कान महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात 'सर' दाखवला गेला. त्याच वर्षी तो फ्रान्समध्ये प्रदर्शितही झाला. भारतात मार्च २०२० मध्ये यायचा होता, पण कोरोना आडवा आला. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये, थिएटरं नुकती उघडत असताना, तो लागला. बहुतेकांनी पाहिला तो जानेवारी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आल्यानंतर. पुढे फिल्मफेअरमध्ये गेरा यांना उत्कृष्ट पटकथेचा आणि शोम यांना समीक्षकांच्या पसंतीच्या अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

एक योगायोग सांगायलाच हवा. तिलोत्तमा शोम यांची पहिली भूमिका होती मीरा नायर यांच्या 'मान्सून वेडिंग'मधली (२००१) ॲलिस. तीसुद्धा घरकाम करणारीच. तिथे ॲलिस मोठ्या लग्नघराच्या एका कोपऱ्यात होती. इथे तशीच बाई गोष्टीच्या मध्यभागी आहे.

तीन भाषा, तीन मजले

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटात एक गोष्ट जास्त जाणवेल. अश्विन घरच्यांशी आणि मित्रांशी इंग्रजीत बोलतो, रत्नाशी हिंदीत. रत्ना मात्र त्याच इमारतीत काम करणाऱ्या लक्ष्मीशी (गीतांजली कुलकर्णी) मराठीत बोलते आणि तेव्हाच ती मोकळी हसते. मुंबईतल्या कुठल्याही टॉवरमध्ये लिफ्टने वर-खाली जा, हेच ऐकू येईल.

आणि मग तो शब्द. मराठी घरात मालकाला 'साहेब' किंवा 'दादा' म्हणतात आणि कामाला येणाऱ्या बाईला 'मावशी'. नात्याचं नाव दिलं की पगार आणि सुट्टीचे प्रश्न जरा झाकले जातात, हा भाग वेगळा. 'सर'मध्ये तसा आडपडदा नाही. अश्विन तिला 'सर' म्हणू नको असं सांगतो, पण ते इतकं सोपं नसतं. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि कॅमेरा एका खोलीतून दुसरीत सरकतो तेव्हा ती किती पातळ आहे ते दिसतं. हा शब्द त्या भिंतीपेक्षा जाड आहे.

'बॉबी'पेक्षा वेगळं काय?

श्रीमंत-गरीब प्रेम हिंदी सिनेमाला नवं नाही. राज कपूर यांच्या 'बॉबी'त (१९७३) श्रीमंत राजा गोव्याच्या कोळ्याच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिची आजी राजाला सांभाळणारी बाई असते. पण तिथे बॉबी स्वतः राजाच्या घरी नोकरीला नाही. 'सर'मध्ये प्रियकरच पगार देतो आणि सगळी गुंतागुंत तिथेच आहे. रत्ना 'नाही' म्हणाली तर नोकरी राहील का? 'हो' म्हणाली तर लोक तिला काय म्हणतील? अश्विनचा मित्र त्याला हेच ऐकवतो, की बोलणी खावी लागतील ती तिलाच. मला हा चित्रपटातला सर्वात प्रामाणिक प्रसंग वाटतो.

प्रत्यक्षात कायदा काय सांगतो? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या महिलाही येतात, म्हणजे मालकाचं घर हे त्यांचं कामाचं ठिकाण मानलं जातं. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही आहे. घरकामगारांना सन्मानजनक काम मिळावं म्हणून २०११ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कराराला मात्र भारताने मान्यता दिलेली नाही.

बांगड्यांचंही तसंच. चित्रपट आल्यानंतर, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा होत्या. राज्य सरकारने हा कित्ता गिरवण्याचं आवाहन इतर ग्रामपंचायतींना केलं.

काय राहून गेलं?

जात. रत्नाची जात कळत नाही आणि खऱ्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला असता. शिवाय अश्विन जरा जास्तच सज्जन आहे. तो थोडा स्वार्थी असता तर रत्नाची कसोटी आणखी अवघड झाली असती.

शेवटी रत्ना नोकरी सोडते, अश्विन अमेरिकेला परततो. त्याच्या ओळखीने तिला एका डिझायनरकडे काम मिळतं. म्हणजे आता तो तिचा मालक नाही. ती इमारतीच्या गच्चीवर उभी असताना त्याचा फोन येतो. थोडा वेळ ती गप्प राहते. मग पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारते, "अश्विन". लग्न होतं का, घरचे मानतात का, यातलं काहीच चित्रपट दाखवत नाही.