गुणपत्रिका न मागणारा क्लब

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढच्याच जानेवारीत सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. पण सभा निवाऱ्यावर थांबली नाही. विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' मासिक निघाले, मुंबईत मोफत वाचनालय उघडले, महार हॉकी क्लबही चालवला गेला. हॉकी कशासाठी? तरुण जुगार आणि दारूकडे वळू नयेत म्हणून!

आज मांडवगण फराट्यासारख्या गावात धडा मोबाईलवर येतो. पण धडा पोहोचला म्हणजे शिक्षण पोहोचले का? ऑनलाइन शाळाही क्लब काढतात, गुणवंतांची मंडळे नेमतात. गुणवंतांच्या मंडळात प्रवेश मात्र टक्केवारी पाहून. घरात तीन भावंडांत एकच मोबाईल असेल, तर त्या मुलाची गुणवत्ता कोण मोजणार? सभेने मात्र ज्यांना दार बंद होते, त्यांच्यासाठीच दार उघडले.

'शिका, चेतवा, संघटित व्हा' हे सभेचे ब्रीद. पहिल्या शब्दाला मोबाईल हातभार लावेल; उरलेले दोन माणसे एकत्र बसल्याशिवाय साधत नाहीत. म्हणून विहारात आठवड्याची एक संध्याकाळ वाचन मंडळाला द्या. येणाऱ्याला गुणपत्रिका विचारू नका.

जय भीम!